आटिया चौदा वर्षं जास्त जगली : 'रोम' मालिकेचा एक प्रकरण अभ्यास

मालिकेचं नाव लपवण्यात अर्थ नव्हता, कारण तपशील वाचताच ते कळणारच. पडद्यामागच्या माणसांना मात्र त्यांच्या कामानंच ओळखलं आहे: लेखक, सल्लागार, दिग्दर्शक. प्रश्न कुणा एकाच्या चुकीचा नाही. एवढा अभ्यास करूनही एक बाई, सम्राट ऑगस्टसची आई आटिया, इतिहासातून कशी निसटली, ते इथे पाहायचं आहे.

पार्श्वभूमी

२८ ऑगस्ट २००५ रोजी एचबीओवर 'रोम' सुरू झाली. पैसा मुख्यतः एचबीओचा, सोबत बीबीसी आणि इटलीची राय वाहिनी. चित्रीकरण खुद्द रोम शहरात झालं. चिनेचिता स्टुडिओच्या मागच्या मोकळ्या जागेत सुमारे पाच एकरांवर फोरम, गल्ल्या, देवळं आणि घरं उभी केली होती. पहिल्या बारा भागांना साधारण दहा कोटी डॉलर लागले. त्या काळी टीव्हीसाठी हा आकडा अचाट होता. पहिल्या पर्वात इ.स.पू. ५२ ते ४४, म्हणजे गॉलमधला (आजच्या फ्रान्समधला) विजय ते सीझरचा खून. दुसऱ्या पर्वाचे दहा भाग जानेवारी ते मार्च २००७ मध्ये दाखवले गेले. त्यात थेट इ.स.पू. २९ पर्यंतची मजल मारली.

रोमवरच्या नाटकांची एक जुनी वाट होती. बीबीसीची १९७६ मधली 'आय, क्लॉडियस' घ्या: राजघराणं, स्टुडिओतल्या खोल्या, विषप्रयोग आणि उत्तम नट. दुसरी वाट सिनेमाची, म्हणजे पांढरे संगमरवरी खांब, चकचकीत चिलखतं आणि रथ. 'रोम'च्या लेखकांना दोन्ही नको होत्या. त्यांना गल्लीतून दिसणारं रोम हवं होतं. त्यासाठी त्यांनी सीझरच्याच पुस्तकातून दोन माणसं उचलली.

गॉलच्या युद्धावरच्या वृत्तांताच्या पाचव्या खंडात सीझर दोन शतपतींची गोष्ट सांगतो: टायटस पुलो आणि लुसियस व्होरेनस. इ.स.पू. ५४ च्या हिवाळ्यात नेर्वी टोळ्यांनी छावणीला वेढा घातला आहे. बढतीवरून दरवर्षी एकमेकांशी चुरस करणारे हे दोघं. पुलो तटाबाहेर उडी घेतो. शत्रूचा भाला त्याची ढाल भेदून कमरपट्ट्यात रुततो, म्यान सरकतं आणि तलवार काही हाताला लागत नाही. व्होरेनस धावून येतो. थोड्या वेळानं व्होरेनस पाय घसरून खड्ड्यात पडतो आणि पुलो त्याला वाचवतो. दोघं परततात. कोण जास्त शूर, ते ठरवता येईना, असं सीझर लिहितो आणि विषय सोडून देतो. एवढ्या एका परिच्छेदावर बावीस भाग उभे राहिले. मालिकेत पुलो शतपती नाही, साधा सैनिक आहे. पण मूळ प्रसंगातला खोडकरपणा पुरेपूर उतरला आहे.

सल्लागार म्हणून जो माणूस घेतला, त्यानं आधी प्राचीन जगावर माहितीपट केले होते. नाव श्रेयनामावलीत टाकून बाजूला बसवायचा असा हा सल्लागार नव्हता. कामाच्या प्रत्येक टप्प्यावर त्याचा हात दिसतो.

प्रश्न कुठे होता

सीझरबद्दल आपल्याला भरपूर माहिती आहे. त्याचं स्वतःचं लेखन आहे, सिसेरोची पत्रं आहेत, नंतरचे सुएटोनियस, प्लुटार्क, अप्पियन हे इतिहासकार आहेत. पडद्यावर सीझर चुकला तर लगेच बोट दाखवणारे शेकडो जण निघतात. त्यामुळे लिहिणारेही जपून लिहितात.

आटियाचं तसं नाही. ती सीझरची भाची आणि ऑक्टेव्हियनची, म्हणजे पुढच्या ऑगस्टसची, आई. तिच्याबद्दल जे खात्रीनं सांगता येतं ते एका पानात मावेल. वडील मार्कस आटियस बाल्बस, आई सीझरची बहीण ज्युलिया. पहिला नवरा गायस ऑक्टेव्हियस इ.स.पू. ५९ मध्ये वारला. मग तिनं लुसियस मार्सियस फिलिपसशी लग्न केलं. तो इ.स.पू. ५६ चा कॉन्सल, म्हणजे वर्षापुरता निवडलेला सर्वोच्च अधिकारी. मुलगा वयात आल्यावरही ती त्याला घराबाहेर फारसं पाठवत नसे, असं दमास्कसचा निकोलस लिहितो. तो ऑगस्टसच्या मर्जीतला चरित्रकार, म्हणून त्याच्या शब्दांतली साखर थोडी बाजूला काढून वाचायची. तरी चित्र सुसंगत आहे. वक्तृत्वावरच्या संवादात टॅसिटस चांगल्या आयांची उदाहरणं देतो तेव्हा ग्राकस बंधूंची आई कॉर्नेलिया आणि सीझरची आई ऑरेलिया यांच्या जोडीला आटियाचंच नाव घेतो. मुलांसमोर वावगा शब्द काढायची कुणाची छाती होत नसे, अशा घरांचं ते वर्णन आहे.

मालिकेतली आटिया कशी आहे? पहिल्याच भागात ती खड्ड्यात उभी राहून वर कापलेल्या बैलाच्या रक्तानं न्हाते. सीझरला पांढरा घोडा भेट द्यायचा म्हणून अकरा वर्षांच्या मुलाला गॉलच्या वाटेला लावते. मुलीला घटस्फोट घ्यायला लावते आणि जावयाचा काटा काढते. सीझरचा सेनापती मार्क अँटनी तिचा प्रियकर. दुसरा नवरा कुठेच नाही, फिलिपस कथेतून पुसलेला. नटीनं ही भूमिका इतकी ताकदीनं केली आहे की पडद्यावर ती आली की बाकीचे फिके पडतात. अडचण नेमकी तिथेच आहे. 'रोम' पाहिलेल्या माणसाला आटिया म्हटलं की हीच बाई आठवते आणि तिला खोडून काढणारी दुसरी आठवण त्याच्याकडे नसते.

समोर असलेले पर्याय

बंद दाराआड काय चर्चा झाली ते इथे मांडायचं नाही. पडद्यावर जे दिसतं, त्यावरून लेखकांना कोणत्या वाटा मोकळ्या होत्या, एवढंच पाहू.

पहिली वाट फुल्वियाची. कारस्थानी, महत्त्वाकांक्षी, अँटनीच्या आयुष्यात वादळ आणणारी बाई हवी असेल तर इतिहासात ती तयार होती, आणि अँटनीची लग्नाची बायको होती! तिचा पहिला नवरा क्लोडियस इ.स.पू. ५२ च्या जानेवारीत अप्पियन रस्त्यावर मारला गेला. तिनं त्याच्या जखमा लोकांना दाखवल्या. जमाव पेटला, प्रेत सिनेटच्या सभागृहात नेऊन जाळलं आणि त्यात सभागृहच भस्म झालं. मालिका सुरू होते ती याच वर्षी. पुढे इ.स.पू. ४१-४० मध्ये फुल्विया आणि अँटनीचा भाऊ यांनी पेरुसियात ऑक्टेव्हियनशी युद्ध केलं. आजच्या पेरुजियात त्या वेढ्यातल्या गोफणीच्या शिशाच्या गोळ्या सापडल्या आहेत. सैनिकांनी त्यांवर शिव्या कोरल्या होत्या, काही ऑक्टेव्हियनला, काही फुल्वियाला. शिव्याही अशा की छापता येणार नाहीत. ज्या मालिकेची शीर्षकचित्रंच भिंतीवरच्या अश्लील रेघोट्यांची आहेत, तिला याहून चांगला खुराक कुठे मिळणार होता? तरी फुल्विया मालिकेत नाही.

का नाही, याचं उत्तर मला घरात दिसतं. फुल्विया सीझरच्या घरची नाही. आटिया घेतली की एका ओट्यावर सगळी भांडी मांडता येतात: मामा सीझर, मुलगा ऑक्टेव्हियन, मुलगी ऑक्टेव्हिया, आणि प्रियकर म्हणून अँटनी. एक घर, एक अंगण, एक स्वयंपाकघर. मालिका लिहिणाऱ्या कुणालाही हा मोह कळेल.

दुसरी वाट काल्पनिक बाईची. व्होरेनस आणि पुलोचं जे केलं तेच वरच्या वर्गात करायचं, म्हणजे एक नवी विधवा उभी करायची, नाव वेगळं, नातं दूरचं. मग ती काहीही करू शकते आणि कुणा खऱ्या बाईवर ते चिकटत नाही. तोटा एवढाच की भावी सम्राटाची आई असण्याचं वजन जातं.

तिसरी वाट आटियाला आहे तशी दाखवायची. त्यात नाट्य नाही असं वाटण्याचा धोका होता. तो समज चुकीचा होता, त्याकडे पुढे येतो.

चौथी त्यांनी निवडली. नाव आटियाचं ठेवायचं. कृत्यं मात्र फुल्वियाची, थोडी कॅटलसच्या कवितांतून बदनाम झालेल्या क्लोडियाची, आणि उरलेली लेखकाची.

काय केलं: जिथे जपलं

त्यांनी काय चांगलं केलं ते सांगितल्याशिवाय तक्रार करणं अन्यायाचं होईल.

पहिल्या भागात पुलो कोठडीत आहे. सुटका हवी म्हणून तो फोर्क्युलसला नवस बोलतो. फोर्क्युलस हा दाराच्या फळ्यांचा देव. बिजागरीची देवी वेगळी, उंबरठ्याचा देव वेगळा. एका दाराला तीन देव लागतात, अशी टिंगल संत ऑगस्टिननं पुढे केली आहे. पुलो म्हणतो, हे काम तुझ्याच खात्यात येत असेल तर दार उघड, तुला छान पांढरं कोकरू देईन. आणि चांगलं कोकरू रास्त भावात मिळालंच नाही, तर सहा कबुतरं. नवसात घासाघीस! रोमन धर्म म्हणजे देवाशी केलेला देण्याघेण्याचा करार, हे समजवायला पुस्तकांत पानं खर्ची पडतात. इथे ते अर्ध्या मिनिटात होतं, आणि नवस म्हणजे काय हे ज्याला लहानपणापासून माहीत आहे त्या मराठी प्रेक्षकाला तर तळटीपही लागत नाही.

भिंती रंगीत आहेत, पुतळे रंगीत आहेत, गल्ल्यांत घाण आहे. फोरममध्ये एक जाड्या माणूस हातवारे करत बातम्या वाचतो आणि मध्येच पिठाच्या गिरणीवाल्यांची जाहिरात करतो. सीझरनं इ.स.पू. ५९ मध्ये सिनेटच्या आणि लोकांच्या रोजच्या कामकाजाची नोंद जाहीर करायला सुरुवात केली, असं सुएटोनियस सांगतो. ती अशी जाहिरातीसकट ओरडून वाचली जात असे, याला आधार नाही. पण हातवाऱ्यांना क्विंटिलियनच्या वक्तृत्वावरच्या ग्रंथाचा आधार आहे आणि गिरणीवाल्यांची कल्पना त्या शहराला शोभते. असं खोटं मला चालतं. ते ठाऊक असलेल्या दोन गोष्टींच्या मधली फट भरतं आणि कुणाचं काही बिघडवत नाही.

सगळ्यात धाडसाची गोष्ट गुलामांची. व्होरेनस आपला नायक, शब्दाला जागणारा. गॉलमधून विकायला आणलेले त्याचे गुलाम रोगानं मरतात आणि एक पोरगं उरतं. व्होरेनसला चिंता पडते ती बुडालेल्या भांडवलाची. त्याला दया येत नाही आणि लेखकही त्याच्या तोंडी आजची दया घालत नाहीत. ऐतिहासिक मालिकांत चांगला माणूस हटकून आजच्या मतांचा असतो. इथे तो मोह टाळला आहे, आणि माझ्या मते अचूकतेचं सगळ्यात अवघड काम हेच होतं.

जिथे घसरलं

घसरलेल्या सगळ्याच गोष्टी सारख्या तोलाच्या नाहीत.

बैलाच्या रक्ताचं स्नान काळाच्या फार पुढचं आहे. मॅग्ना मातेर या देवीसाठीचा हा विधी शिलालेखांत इ.स.च्या दुसऱ्या शतकात दिसतो. खड्ड्यात उभं राहून रक्तानं न्हाण्याचं वर्णन तर प्रुडेंशियस या ख्रिस्ती कवीचं, इ.स. ४०० च्या आसपासचं. तेही विरोधकाच्या तोंडचं. म्हणजे आटियाच्या साडेचारशे वर्षांनंतरची निंदा पहिल्याच भागात तिच्या डोक्यावर ओतली. दृश्य विसरता येत नाही, हे मान्य.

पहिल्या लढाईत शतपती शिट्टी वाजवतो आणि पुढची रांग मागे, मागची पुढे येते. रांगा नेमक्या कशा बदलत, हे कुठल्याही रोमन लेखकानं लिहून ठेवलेलं नाही. शिट्टी हा अंदाज, पण पटणारा. याउलट फार्सालसची लढाई, जिथे सीझरच्याच हिशोबानं त्याचे २२ हजार आणि त्याचा प्रतिस्पर्धी पाँपे याचे ४५ हजार होते, ती काही क्षणांत उरकली आहे. सीझरच्या मारेकऱ्यांविरुद्धच्या, फिलिप्पीच्या इ.स.पू. ४२ मधल्या दोन लढाया, ३ आणि २३ ऑक्टोबरच्या, एकाच दिवसात मिटवल्या. हा पैशांचा आणि वेळेचा हिशोब आहे, त्यात फार खोल अर्थ शोधू नये.

नावांचं मात्र आश्चर्य वाटतं. मालिकेत ती 'ज्युलिआय घराण्यातली आटिया' म्हणवते. रोमन बाईचं नाव म्हणजेच तिच्या वडिलांच्या घराण्याचं नाव. आटियसची मुलगी म्हणून आटिया. ज्युलिआय हे तिच्या आईचं माहेर. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसच्या आईला, सर्व्हिलियाला, असंच नवऱ्याच्या जुनिआय घराण्याचं करून टाकलं आहे. फोर्क्युलस माहीत असलेल्या लोकांना हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. चूक ठाऊक असून केलेली आहे: ज्युलिआय विरुद्ध जुनिआय, दोन घरांचं भांडण प्रेक्षकाला चटकन कळावं म्हणून.

निर्णयाची वळणं

पहिलं वळण खुनाचं. सीझरला १५ मार्च इ.स.पू. ४४ रोजी पाँपेच्या नाट्यगृहाला जोडलेल्या सभागृहात मारलं. जुनं सभागृह क्लोडियसच्या प्रेताबरोबर जळालं होतं आणि नवं अजून बांधून झालं नव्हतं, म्हणून सभा तिथे होती. आणि तो पडला तो त्याच्या पराभूत शत्रूच्या, पाँपेच्या, पुतळ्यापाशी. मालिकेत खून नेहमीच्या सिनेट सभागृहातच होतो. दुसरा सेट उभारायचा नाही, एवढं कारण पुरेसं असावं. पण इथे किंमत जास्त मोजली. पाँपेचा पुतळा हा लेखकानं न लिहिता आयता मिळालेला प्रसंग होता. उलट बाजूला हेही सांगायला हवं की 'तूसुद्धा, ब्रूटस' हे शेक्सपिअरचं वाक्य त्यांनी सीझरच्या तोंडी दिलं नाही, आणि ते सोडायला हिंमत लागते.

दुसरं वळण इंग्लंडमध्ये आलं. बीबीसीनं नोव्हेंबर २००५ मध्ये मालिका दाखवताना पहिले तीन भाग कापून दोन केले. कारण असं दिलं की ब्रिटिश प्रेक्षकाला रोमचा इतिहास आधीच माहीत आहे. त्या तिन्ही भागांचा दिग्दर्शक जाहीरपणे भडकला. त्याचं म्हणणं, कात्री राजकारणाला लागली आणि उघडीवाघडी दृश्यं तशीच राहिली. या प्रकरणातला मला सगळ्यात बोलका वाटणारा क्षण हाच. लेखकानं केलेला तोल संपादनाच्या टेबलावर दुसऱ्यानंच बिघडवला. फिलिपसला वगळणं लेखकाचं, पण सिनेटची भांडणं वगळणं वाहिनीचं. सल्लागार तिथवर पोचत नाही.

तिसरं वळण दुसऱ्या पर्वाचं लेखन चालू असताना आलं. हेच शेवटचं पर्व, असं कळलं. मूळ बेत असा होता की दुसरं पर्व ब्रूटसच्या मृत्यूवर संपवायचं, तिसरं आणि चौथं इजिप्तमध्ये घडवायचं आणि पाचव्यात पॅलेस्टाइनमध्ये मसीहाच्या उदयाकडे जायचं. आता इजिप्तही याच दहा भागांत बसवायचं होतं. पंधरा वर्षं घाईघाईत उलटतात, ऑक्टेव्हियनचा नट मध्येच बदलतो आणि तो एका रात्रीत मोठा झाल्यासारखा वाटतो, काही मुलांचं वय मात्र तिथेच थांबतं. अॅक्टियमची लढाई, जिथे ऑक्टेव्हियननं अँटनीला हरवलं, दिसतच नाही, हरलेला अँटनी होडीत दिसतो.

या घाईत आटियाला मरू द्यायचं की नाही, हा प्रश्न आला असणार. ती मरत नाही.

निष्पत्ती

कलादिग्दर्शन आणि वेशभूषेला एमी पुरस्कार मिळाले, आणि ते योग्यच होतं. ऑगस्ट २००७ मध्ये चिनेचितात आग लागली आणि सेटचा काही भाग जळाला. उरलेल्या सेटवर बीबीसीच्या 'डॉक्टर हू'चा पॉम्पेईवरचा भाग चित्रित झाला. म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकातलं रोम इ.स. ७९ चं पॉम्पेई बनलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. भिंतींचं असं असतं, त्या कुठेही चालतात.

माणसांचं तसं होत नाही. सीझरचा खून भलत्या खोलीत झाला हे आज कुणीही दोन मिनिटांत शोधून काढेल. आटियाबद्दल शोधायला कोण जाणार? जिथे प्रेक्षकाची माहिती शून्य, तिथे मालिका हीच माहिती होते. म्हणूनच लेखकानं जिथे सगळ्यात मोकळा हात चालवला तिथेच सगळ्यात जपायला हवं होतं, असं मला वाटतं. आपल्याकडे ऐतिहासिक मालिकांआधी 'काही प्रसंग काल्पनिक आहेत' अशी पाटी येते. तिचा उपयोग वकिलाला होतो, प्रेक्षकाला नाही, कारण कोणते प्रसंग काल्पनिक ते ती सांगत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

वर म्हटलं की खऱ्या आटियात नाट्य नाही हा समज चुकीचा. आता तिची शेवटची दीड वर्षं पाहा.

सीझर मारला गेला तेव्हा अठरा वर्षांचा ऑक्टेव्हियन समुद्रापलीकडे अपोलोनियात होता. आटियानं त्याला पत्र पाठवलं: घरी ये. मृत्युपत्रात तो सीझरचा वारस निघाला. वारसा स्वीकारायला आई कचरत होती आणि सावत्र बापाचा तर साफ विरोध, असं सुएटोनियस लिहितो. मुलानं दोघांचं ऐकलं नाही. मालिकेत बातमी येते तेव्हा तो आईच्याच घरात बसलेला आहे. पत्रही गेलं, समुद्रही गेला आणि सावत्र बापही.

पुढच्या वर्षी, इ.स.पू. ४३ च्या उन्हाळ्यात, ऑक्टेव्हियन आठ लिजन, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या, घेऊन रोमवर चालून आला. शहरात त्याची आई आणि बहीण होत्या. सिनेटच्या हाती त्या लागल्या असत्या तर ओलीस म्हणून उपयोगी पडल्या असत्या. अप्पियन सांगतो की त्या दोघी व्हेस्टाच्या पुजारिणींकडे लपल्या. सिनेटची माणसं त्यांना शोधत होती, त्या सापडल्या नाहीत. मुलगा शहरात शिरला तेव्हा मायलेकी देवळातून बाहेर आल्या आणि त्याला भेटल्या. १९ ऑगस्टला तो कॉन्सल झाला, वयाची वीस वर्षंही पुरी नव्हती. त्याच कॉन्सलपदाच्या काळात आटिया वारली. तिची अंत्ययात्रा सार्वजनिक इतमामानं निघाली. मुलगा पुढे सम्राट झालेला तिनं पाहिला नाही, आणि त्याच वर्षाअखेरच्या, ठार मारायच्या शत्रूंच्या यादीतली मुंडकीही पाहिली नाहीत.

देवळात लपलेली आई, दारात सैन्य घेऊन उभा असलेला तिचाच मुलगा, आणि भेटीनंतर थोड्याच दिवसांत मरण. यावर दोन भाग सहज निघाले असते. तिच्या मागे अँटनीच्या घरात फुल्विया आणता आली असती, तीही अगदी वेळेवर, कारण पेरुसियाचं युद्ध दोनच वर्षांवर होतं. नटी गमावण्याचा तोटा मोठा होता हे खरं. प्रेक्षक तिच्यासाठी बसत होते. निर्माता म्हणून मी तिला चौथ्या भागात मारू शकलो असतो का? खात्री नाही. पण निदान पहिल्या पर्वात फिलिपसला जिवंत ठेवता आलं असतं. जेवणाच्या पंगतीत कोपऱ्यात बसलेला, बायकोकडे पाहून उसासे टाकणारा माजी कॉन्सल फारसा महागही पडला नसता.

तसं झालं नाही. शेवटच्या भागात ऑक्टेव्हियनच्या विजययात्रेचा दिवस आहे. खरी यात्रा इ.स.पू. २९ च्या ऑगस्टमध्ये तीन दिवस चालली होती. घरातल्या बायका नटून तयार आहेत. पुढे कोण जाणार यावरून लिव्हिया आणि आटिया समोरासमोर येतात. आटिया सुनेला दोन शब्दांत तिची जागा दाखवते आणि सगळ्यांच्या आधी चालू लागते. आपल्या दुपारच्या मालिकांनाही हेवा वाटावा असा सासू-सुनेचा प्रसंग. लिव्हियाचं ऑक्टेव्हियनशी लग्न झालं इ.स.पू. ३८ मध्ये, आणि तेव्हा तिच्या सासूला जाऊन चार वर्षं होऊन गेली होती.